तू जा, मी बघते

ताई गेली तेव्हा भेटायला येणारी माणसं हळू आवाजात बोलत. दुःखाच्या घरी तसंच बोलायचं असतं. पण आमच्या घरात ते कुणाला ऐकू येत नसे. अण्णा खाटेवर बसलेले असत, समोरचा माणूस मान खाली घालून काहीतरी पुटपुटे, आणि अण्णा कानामागे हात धरून विचारत, "काय म्हनस रे भो?" मग त्या माणसाला आपलं सांत्वन ओरडून सांगावं लागे. "फार वाईट झालं म्हणतो! फार गुणी पोरगी होती!" आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाई. एका लांबच्या मामाला तर दोनदा ओरडावं लागलं, आणि दुसऱ्यांदा ओरडता ओरडताच तो रडायला लागला. मला तेव्हा हसू आलं होतं. ताई असती तर तीही हसली असती. फक्त कशाला हसायचं ते मला तिला हातांनी सांगावं लागलं असतं.

ती भारताकडून हॉकी खेळायची. सगळ्यात मागे, गोलकीपरच्या पुढे उभी राहायची. तिच्याबद्दल लिहावं असं मला बरेच दिवस वाटत होतं, पण हॉकीबद्दल मला जे कळतं ते सगळं तिच्याकडूनच कळलेलं. म्हणून मी घरापासून सुरुवात करते.

आम्ही खानदेशातले. अण्णा लग्नाआधी सुरतेला आले आणि लूमवर कारीगर म्हणून लागले. आमच्या दोन खोल्या खात्याच्या वरच होत्या. खातं म्हणजे लूमची शेड. खाली ओळीनं मशिनी, वर आम्ही. दिवसाची पाळी संपली की रात्रीची सुरू होई, त्यामुळे आवाज कधी थांबतच नसे. जमीन सतत थरथरायची. ताटातल्या वरणावर बारीक वलयं उठायची. गावाकडून कुणी पाहुणा आला की पहिल्या दिवशी डोकं धरून बसे, आणि आम्हाला कळायचं नाही की याला होतंय काय.

त्या आवाजात बोलायचे दोनच मार्ग होते. एक म्हणजे ओरडणं. आमच्या घरात मीठ मागायचं तरी ओरडूनच. दुसरा मार्ग हातांचा. खात्यातल्या कारीगरांच्या खुणा ठरलेल्या होत्या. बोट हवेत गोल फिरवलं की मशीन चालू. तळहात खाली दाबला की बंद. चिमूट धरून झटकली की धागा तुटला. शेठ येताना दिसला तर पोटावरून हात फिरवायचा, कारण शेठचं पोट मोठं होतं. आणि एक खूण सगळ्यात जास्त वापरली जायची. एका कारीगराला चहाला नाहीतर लघवीला जायचं असलं की शेजारचा त्याच्या मशिनी सांभाळायचा. तो आधी बोटांनी दाराकडे झटका द्यायचा, मग स्वतःच्या छातीवर हात ठेवायचा, मग दोन बोटं डोळ्यांपाशी नेऊन समोरच्याच्या मशिनीकडे वळवायचा. तू जा, मी बघतो. एवढं झालं की दुसरा माणूस मागे वळून न बघता निघून जाई.

ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. शाळा सुटली की ती खाली जाऊन अण्णांना कांड्या भरून द्यायची. कांडी म्हणजे धोट्यात बसते ती सुताची नळी. मला मात्र अण्णा खाली येऊ देत नसत. मला दमा होता, खात्यातल्या धुळीनं छाती भरून यायची. मी वर खिडकीपाशी पुस्तक घेऊन बसे. मशिनींचा आवाज माझ्याभोवती भिंतीसारखा उभा असे आणि त्याच्या आत मला छान वाचता येई. ताई वर आली की तिच्या केसांना तेलाचा वास असायचा आणि ती खालच्याच आवाजात बोलायची. माय म्हणायची, "बोंबलू नको व, गल्ली ऐकी राह्यनी!" हे माय स्वतः बोंबलूनच सांगायची.

माझी छाती कमजोर म्हणून माझे कान वाचले. हे मला फार उशिरा कळलं.

ताईला हॉकीत आणलं ते तिच्या आवाजानं. आमच्या शाळेत व्यायामाच्या एक गुजराती बेन होत्या. त्यांनी मुलींचा संघ काढला होता, पण मैदानावर मुली बुजल्यासारख्या खेळायच्या, एकमेकींना आवाज द्यायच्या नाहीत. एके दिवशी ताई नुसती बघायला उभी होती. चेंडू मागे निघालेला तिला दिसला आणि ती मैदानाबाहेरून ओरडली, "अगं मागे! मागे बघ!" बेन दचकल्याच. "आ छोकरीनो अवाज तो जुओ!" असं म्हणत त्या तिच्याकडे आल्या, आणि तिच्या हातात स्टिक दिली.

डिफेंडरला सगळं मैदान दिसतं, असं ताई मला सांगायची. पुढे खेळणाऱ्यांना फक्त चेंडू दिसतो. मागच्या मुलीला चेंडू दिसतो, आणि चेंडू नसलेल्या जागाही दिसतात. म्हणून बोलायचं काम तिचं. डावीकडे जा, तिला धर, सोड, पुढे हो. बेननी तिला मागे उभं केलं ते याचसाठी. पुढे राज्याच्या संघात, मग देशाच्या कॅम्पमध्ये, प्रत्येक प्रशिक्षकानं तिच्याबद्दल हेच पहिलं वाक्य म्हटलं की काय आवाज आहे पोरीचा. तिची स्टिक चांगली होती, पाय चांगले होते, पण त्याआधी तिचा आवाज ऐकू यायचा. घरी आली की ती कॅम्पमधल्या कोच सरांची नक्कल करायची. "पीछे से आवाज आती रहनी चाहिए! आवाज बंद तो समझो दुकान बंद!"

गल्लीला मात्र तिचं खेळणं कधी नीट कळलं नाही. ती पहिल्यांदा परदेशात खेळून आली तेव्हा शेठनं सगळ्या खात्याला पेढे वाटले. समोरची मावशी तिला ओवाळायला आली आणि ओवाळता ओवाळता विचारती झाली, "मंग, गोल किती करात व बाई?"

"एकही नाही, मावशी."

"एक बी नही? इतली लांब जाईसन?"

मावशीचा चेहरा असा झाला की ताम्हन परत न्यावं की काय. तेव्हा अण्णा मध्ये पडले. त्यांनी मावशीला ओरडून सांगितलं, "ती गोल करस नही! व्हवू देस नही!" हे वाक्य त्यांनी पुढे अनेकांना सांगितलं. त्यांना त्या खेळातलं तेवढंच माहीत होतं आणि ते पुरेसं होतं.

ताईनं संघातल्या मुलींना आमच्या खात्यातल्या खुणा शिकवल्या होत्या. तिच्या पुढे खेळणारी हाफ बॅक हल्ल्यात जायला बिचकली की ताई तिला ती खूण करायची. दाराकडे झटका, छातीवर हात, दोन बोटं डोळ्यांपाशी. तू जा, मी बघते. ती मुलगी मग निर्धास्त पुढे जायची. "अण्णा, तुमची खूण आता पार परदेशात गेली," असं ताईनं सांगितलं तेव्हा अण्णांनी ते खात्यात प्रत्येक मशिनीपाशी जाऊन हातांनी सांगितलं.

मग प्लेगचं वर्ष आलं. त्या दिवसांत ताई कॅम्पमधून सुटीवर घरी आली होती. पावसाळा संपत होता, तापीचा पूर ओसरला होता, आणि एका सकाळी गल्लीत बातमी आली. दुपारपर्यंत माणसं गाठोडी बांधू लागली. भुसावळकडच्या गाडीत लोक दारांना, खिडक्यांना लटकून गेले. डिंडोलीकडची आमच्या ओळखीची घरंच्या घरं कुलूप लावून निघाली. कारीगर गेले तशा एकेक करून मशिनी बंद पडत गेल्या. शेठ स्वतः तोंडाला रुमाल बांधून आला, अण्णांना म्हणाला, तुम्ही थांबा, खात्यावर लक्ष ठेवा, आणि कुटुंब घेऊन गेला. अण्णा थांबले म्हणून आम्हीही थांबलो. कॅम्पकडूनही निरोप आला की सुरतेच्या मुलीनं सध्या येऊ नये.

खातं बंद झालं ते सकाळी. मला आठवतं, मी वाचत होते आणि मधेच मान वर केली, कारण काहीतरी पडल्यासारखं वाटलं. पडलं काहीच नव्हतं. आवाज गेला होता. ताटातलं वरण स्थिर होतं. शेजारच्या घरातला नळ टपटपताना ऐकू येत होता, लांब कुठेतरी कुत्रं भुंकत होतं. आम्ही जन्मात पहिल्यांदा आपलं घर शांत असलेलं ऐकलं. माय स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि कुणी झोपलं असावं तसं कुजबुजली, "बंद व्हयनं का सगळं?" एका दिवसात आमचे सगळ्यांचे आवाज खाली आले. अण्णांचासुद्धा थोडासा.

ताईचा आला नाही.

ती आधीसारखीच बोलत राहिली. "माय, चहा ठेव व!" असं ती तीन हातांवरून म्हणाली की माय दचकायची. "हळू बोल व, आते मशिनी बंद शेतस." ताई मायच्या तोंडाकडे बघायची, मान डोलवायची, आणि पुन्हा तसंच बोलायची. आम्ही हसायचो. मायला वाटलं मैदानावर ओरडून ओरडून सवय लागली. अण्णांना काहीच वाटलं नाही, कारण घरात फक्त ताईचंच बोलणं त्यांना न विचारता ऐकू यायचं.

मग एका दुपारी मायनं कुकर लावला आणि ताईला म्हणाली, चार शिट्ट्या झाल्या की बंद कर. ताई स्टोव्हजवळच पाट टाकून बसली होती, स्टिकच्या मुठीला नवी पट्टी गुंडाळत होती. मी बाहेरच्या खोलीत होते. कुकरची शिट्टी झाली. पुन्हा झाली. कितीतरी वेळा झाली. त्या सुन्या गल्लीत ती शिट्टी केवढी मोठी वाटत होती. मला वाटलं ताई उठून मागे गेली असेल. मग भात लागल्याचा वास आला म्हणून मी आत गेले. ताई तिथेच होती. कुकरपासून हातभर अंतरावर. कुकर शिट्टी वाजवत होता, त्याची वाफ तिच्या केसांवर येत होती, आणि ती मान खाली घालून पट्टी गुंडाळत होती.

मी स्टोव्ह बंद केला तेव्हा तिनं वर पाहिलं.

"शिट्टी झाली का?" तिनं विचारलं. खात्यातल्या आवाजात. बाहेर गल्लीत एक माणूस चालला होता, तो थबकून वर बघायला लागला.

 माझ्या चेहऱ्यावर जे होतं ते तिनं वाचलं. ते वाचण्यात ती किती तरबेज होती हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तिनं माझ्याकडे पाहिलं, कुकरकडे पाहिलं, आणि स्टिक हळूच भिंतीला टेकवून ठेवली.

आमच्या घरात सगळेच ओरडून बोलत. सगळेच थोडेफार बहिरे होते किंवा व्हायच्या वाटेवर होते. एकमेकांच्या तोंडाकडे आणि हातांकडे बघतच आम्ही मोठ्या झालो. अशा घरात एका मुलीचे कान जातायत हे कळणार कसं? दुसऱ्या कुठल्याही घरात ते महिन्याभरात कळलं असतं. आमच्याकडे लोक तिच्या आवाजाचं कौतुक करत होते. बेन, कोच सर, निवडीला आलेली माणसं, सगळी. तो आवाज मोठा होता, कारण तिला स्वतःला तो मोठा वाटत नव्हता.

संध्याकाळी आम्ही दोघी गच्चीवर गेलो. खाली एरवी सायकली आणि हातगाड्या असायच्या, तिथे कुणीच नव्हतं. मी तिला विचारलं, कधीपासून? ती म्हणाली, नक्की नाही सांगता येत. मशिनी ऐकू येतात, ढोल ऐकू येतो, अण्णा ऐकू येतात. पाखरं कधी बंद झाली ते कळलंच नाही.

"आणि अंपायरची शिट्टी?"



"मी माणसं बघते," ती म्हणाली. "शिट्टी झाली ना, की माणसाचे खांदे पडतात. पळणारी मुलगी एकदम सैल होते. तुला दिसणार नाही, मला दिसतं. मी मागे असते, सगळ्या माझ्यापुढे असतात. त्या सैल पडल्या की मी थांबते."

"आणि तुझ्या मागची? गोलकीपर?"

"तिला सांगितलंय. ती गोलच्या फळीवर पाय आपटते. एकदा आपटला की डावीकडे बघ, दोनदा की उजवीकडे. तो धप्प आवाज येतो मला. खात्यासारखाच आहे."

मी म्हटलं, डॉक्टरला दाखवू. ती म्हणाली, दाखवू, पण कॅम्पला कळता कामा नये. पुढच्या वर्षाच्या मोठ्या दौऱ्याची निवड व्हायची होती. त्या जागेसाठी ती शाळेपासून खेळत आली होती. "डोळे आहेत तोवर मी खेळेन," ती म्हणाली. "पण कळलं तर एक दिवस ठेवणार नाहीत. बहिऱ्या पोरीला मागे कोण उभं करेल? तूच सांग."  तिच्या जागी मी असते तरी तेच केलं असतं, असं मला तेव्हा वाटलं, आणि आजही वाटतं.

गाव परत भरलं, खाती सुरू झाली, तेव्हा मी तिला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी तिच्या कानांवर हेडफोन लावले आणि सांगितलं, आवाज आला की बोट वर करा. ताईनं प्रत्येक वेळी बरोबर बोट वर केलं. डॉक्टर आधी खूश झाले. मग त्यांचं लक्ष गेलं की ही आपल्या हाताकडे बघतेय. बटण दाबताना त्यांचा अंगठा हलत होता, तेवढं तिला पुरत होतं. त्यांनी तिला हसून भिंतीकडे तोंड करून बसवलं. मी बाजूला उभी होते. डॉक्टर बटणं दाबत होते, ताईचा हात मांडीवर होता, आणि तो बराच वेळ तसाच राहिला. खालचे जाड आवाज आले तेव्हा बोट उठलं. बारीक आवाजांना नाही.

डॉक्टर म्हणाले, लूमवाल्यांचं असंच होतं, वरचे आवाज आधी जातात. गेले ते परत येत नाहीत. यंत्र लावता येईल, पण लूमपासून लांब राहा. ताईनं मान डोलवली. बाहेर आल्यावर तिनं मला विचारलं, "काय म्हणाले?" डॉक्टरांना मिशा होत्या. मिशा असल्या की तिला ओठ वाचता येत नसत.

दौऱ्याला तिची निवड झाली. त्या वर्षी आणि त्याच्या पुढच्याही वर्षी ती खेळली. मला वाटतं तीच तिची सगळ्यात चांगली वर्षं होती. एका वर्तमानपत्रात तिचा फोटो आला होता, पेनल्टी कॉर्नरला ती गोलच्या रेषेवरून धावत निघालीय आणि समोरची मुलगी मारायच्या बेतात आहे. फोटोखालच्या ओळीत तिच्या धाडसाबद्दल लिहिलं होतं. मी त्यात तिचे डोळे बघायची. ती चेंडूकडे बघतच नव्हती. ती त्या मुलीच्या खांद्यांकडे बघत होती. घरी आली की ती थकलेली असायची, आणि ते पायांचं थकणं नव्हतं. जेवताना डोळे मिटायची. दिवसभर सगळ्या जगाकडे टक लावून बघायचं आणि एक क्षणही नजर काढायची नाही, हे काय असतं ते मी जवळून पाहिलं. माय नडगीच्या सुजेला हळद लावायची आणि लग्नाचा विषय काढायची. ताई तेवढ्यापुरते डोळे मिटून घ्यायची. डोळे मिटले की कुणाला तिला काही सांगता येत नसे.

ज्या सामन्यात ते झालं तो परदेशात होता. आम्हाला त्याबद्दल वर्तमानपत्रात दोन ओळी मिळाल्या, हरल्याच्या. बाकी मला तिनं गच्चीवर सांगितलं, तिथेच.

त्या काळात हॉकीत ऑफसाइड होता. मागची मुलगी ऐन वेळी पुढे सरकायची, समोरची मुलगी तिच्या पाठीमागे अडकायची, आणि अंपायर शिट्टी द्यायचा. ताई त्यात पटाईत होती. सामना संपत आला होता, बरोबरीत होता. समोरून पास आला, ताई पुढे सरकली आणि ऑफसाइड मागत तिनं हात वर केला. तिच्यासमोर एक मुलगी धावत येत होती. त्या मुलीचे खांदे पडले, ती सैल झाली, चालायला लागली. शिट्टी झाली, असं ताईनं वाचलं. ती थांबली. हात वर तसाच.

शिट्टी झाली नव्हती. त्या मुलीच्या मांडीचा स्नायू धरला होता, इतकंच. ती दुखण्यानं थांबली होती. तिच्या शेजारून दुसरी चेंडू घेऊन गोलकडे गेली, ताईच्या अगदी जवळून, आणि ताई हात वर करून उभी. मागे गोलकीपर फळीवर पाय आपटत होती, पण प्रेक्षक लाकडी पायऱ्यांवर पाय आपटत होते, सगळाच धप्प आवाज एक झाला होता.

"मी सगळं बरोबर बघितलं गं," ताई मला म्हणाली. "खांदे खरंच पडले होते."

कोच सर त्या दिवशी रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, क्यों रुकी? ती म्हणाली, सीटी बजी थी.  दुसऱ्या दिवशी सरावात त्यांनी सगळ्या मुलींना समोर उभं केलं, ताईला त्यांच्यापुढे, मुलींकडे तोंड करून, आणि स्वतः तिच्या पाठीमागे जाऊन शिट्टी वाजवली. मुली चमकल्या. त्यांचे चेहरे बघून ताई लगेच वळली. लगेच, पण एका श्वासानं उशिरा. सरांना तेवढं पुरलं. ते जवळ आले, तिच्या समोर उभे राहिले, आणि सावकाश, ओठ नीट हलवत म्हणाले, "कब से, बेटा?"

त्यानंतर ती भारताकडून खेळली नाही.

आमच्या घरी त्यावर फार बोलणं झालं नाही. अण्णांना मी हातांनी आणि ओरडून, दोन्ही प्रकारे सांगितलं. ते स्वतःच्या हातांकडे बघत बसले. मग त्यांनी विचारलं, "मना खातामा?" माझ्या खात्यात?  त्यांनी त्यानंतर ताईला खाली कधी येऊ दिलं नाही. ती सत्तावीस वर्षांची होती आणि ते तिला दारातून परत पाठवायचे, लहान मुलीसारखं.

ती मग डिंडोलीकडच्या एका मोकळ्या जागेवर आमच्याच लोकांच्या मुलींना हॉकी शिकवायला लागली. माती, खडे, गोलच्या जागी दोन बांबू. शिट्टी नव्हती. ती हात वर करायची आणि मुली थांबायच्या. लूमवाल्यांच्याच मुली त्या, खुणा त्यांना शिकवाव्या लागल्या नाहीत. मी कधी संध्याकाळी पुस्तक घेऊन तिथे कडेला जाऊन बसे. वीस-पंचवीस मुली आवाज न करता खेळताना बघून रस्त्यानं जाणारी माणसं थांबायची. एखादी मुलगी पुढे जायला कचरली की ताई तिला ती खूण करायची, आणि मुलगी पळत सुटायची.

पुढच्या पावसाळ्यात तिला कावीळ झाली. त्या वर्षी गल्लीत बऱ्याच जणांना झाली होती. बाकीचे उठले. ताईची उतरेना, मग पोटात पाणी झालं, मग सरकारी दवाखान्यात न्यावं लागलं. तिथेही ती तिच्याच आवाजात बोलायची. शेजारच्या खाटेवरचे लोक वैतागायचे. नर्स येऊन म्हणायच्या, "धीरे बोलो बेन, यहाँ सब बीमार हैं." हे तिला कळलं तेव्हा ती इतकी ओशाळली की तिनं बोलणंच सोडलं. हातांनीच सांगायची, पाणी, उशी, खिडकी.

एका वेळी एकाच माणसाला आत सोडत. मी आत असले की अण्णा बाहेर दाराच्या काचेपाशी उभे राहत. काचेतून ते बोट हवेत गोल फिरवायचे, चालू? ताई उशीवरून हात वर करून बोट फिरवायची, चालू. मग ते चिमूट झटकून विचारायचे, धागा तुटला का कुठे, म्हणजे दुखतंय का. ती मान हलवायची. मग पोटावरून हात फिरवून विचारायची, शेठ आला होता का? अण्णा काचेपलीकडे हसायचे. वॉर्डमधले लोक त्या दोघांकडे बघत राहायचे. इतकं मोकळं बोलणं मी त्या वॉर्डात दुसऱ्या कुणाचं पाहिलं नाही.

शेवटच्या दुपारी ती बरीच शांत होती. डोळे पिवळे झाले होते, पण उघडे होते, आणि सवयीप्रमाणे सगळीकडे फिरत होते. माझ्यावर येऊन थांबले. मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, ते तिनं माझ्या चेहऱ्यावर वाचलं असणार. तिनं चादरीवरचा हात उचलला. बोटांनी दाराकडे झटका दिला. मग छातीवर हात ठेवला. मग दोन बोटं डोळ्यांपाशी नेली, आणि ती कुठे वळवावीत हे तिला सुचेना. तिच्यापुढे तिची स्वतःचीच खाट होती. तिनं तीच दाखवली.

मी गेले. मागे वळून बघितलं नाही. त्या खुणेनंतर कुणी बघत नाही.

मी चहा घेतला, मायसाठी केळी घेतली. परत आले तेव्हा खाटेभोवती पडदा ओढलेला होता. नर्स माझ्याजवळ आल्या, खांद्यावर हात ठेवला, आणि अगदी हळू आवाजात काही बोलल्या. मला सगळं ऐकू आलं.

मी वळले तर काचेपलीकडे अण्णा येऊन उभे होते. पडदा त्यांना दिसत होता, पण त्यामागचं काही दिसत नव्हतं. त्यांनी बोट वर केलं आणि गोल फिरवलं. चालू?

मी तळहात खाली दाबला.

त्यांचं बोट हवेत तसंच राहिलं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. घरी माय एकटी होती, तिला कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि ते काम त्यांच्यानं होणार नव्हतं. त्यांनी बोटांनी जिन्याकडे झटका दिला. छातीवर हात ठेवला. दोन बोटं डोळ्यांपाशी नेली आणि पडद्याकडे वळवली.

मी जिना उतरले.